खांबाला बांधलेली मुलं

समुद्रकाठच्या आमच्या मोरोवेतान गावात दारांचे पडदे दर वर्षी आखूड होतात. समुद्र वर येतो तशी आम्ही घरातली जमीन वर घेतो. ज्याला परवडतं तो भराव टाकतो, नाही परवडत तो जुन्या फरशीवर खुंट रोवून वर फळ्या ठोकतो. छप्पर मात्र होतं तिथंच राहतं. मग पडदा खाली लोळायला लागतो, ओला होऊन कुजतो. तो काढून कास्मिराकडं न्यायचा. ती खालून वीतभर कापायची, दुमडून टीप मारून द्यायची आणि कापलेला तुकडा मजुरी म्हणून ठेवून घ्यायची.

त्या तुकड्यांचं ती काय करत नसे ते विचारा. कढई उतरवायची फडकी, पायपुसणी, उशांचे अभ्रे. मोडक्या छत्र्यांच्या कापडाची शाळेची दप्तरं करायची, ती पावसात भिजत नसत. तिचा नवरा वारसिदी सेमारांगच्या बंदरात हमाली करायचा. पंधरवड्यानं घरी येताना कपड्यांच्या कारखान्याबाहेर टाकलेल्या जीनच्या पट्ट्या पोतंभर घेऊन यायचा. माझं भज्यांचं दुकान तिच्या घराला लागूनच. पायमशीनची खडखड ऐकत मी तेल तापवायची. मशीन थांबलं की मला चुकल्यासारखं व्हायचं.

आमच्या वस्तीतल्या पासिनाची पोर तितिक बुडाली त्या दिवशी मशीन थांबलं होतं.

तितिक दोन वर्षांची. पासिना मासे तळत होती. पोर पाठीमागं वाटी वाजवत होतं. वाटीचा आवाज बंद झाला, तेव्हा हिला वाटलं, झोपली असेल. दोन मासे उलटून तिनं वळून पाहिलं तर वाटी होती, तितिक नव्हती. सगळा गाव होड्या घेऊन खाजणात शोधत फिरला. पोर दाराबाहेर पडून भरतीच्या पाण्यानं घराखालीच सरकली होती. पासिनालाच ती आधी दिसली. फळ्यांच्या फटीतून, पायाखाली, लाल झबलं.

त्यानंतर कास्मिरा काही दिवस माझ्याकडं चहालासुद्धा आली नाही. तिचा सेनो तेव्हा दीड वर्षाचा, नुकता धावायला लागलेला. मग एका सकाळी मशीन पुन्हा सुरू झालं, आणि संध्याकाळी तिनं मला हाक मारली. "यू तारमी, जरा बघ गं हे." यू म्हणजे ताई.

सेनोच्या अंगात तिनं बंडीसारखं काहीतरी घातलं होतं. छातीवरून आणि खांद्यावरून जीनचे पट्टे, आतून जुन्या लुंगीचं मऊ अस्तर, काखेत काचू नये म्हणून. पाठीवर टाकून दिलेल्या दप्तराचं चापाचं बक्कल, पोराचा हात पोचणार नाही असं. बक्कलापासून निघालेला लांब पट्टा घराच्या मधल्या खांबाला, अगदी फळ्यांलगत. तिथं गाठ नव्हतीच. पट्टा खांबाभोवती घेऊन मासेमारीच्या दोऱ्यानं शिवूनच टाकला होता.

"गाठ सुटते," ती म्हणाली. "शिवण सुटत नाही."

सेनो दाराकडं धावला. उंबऱ्याच्या एक हात अलीकडं पट्टा ताणला गेला आणि तो धपकन बसला. आमच्याकडं बघून हसला आणि पुन्हा धावला.

आठ दिवसांत बायकांची रीघ लागली. कुणी जुना पडदा आणला, कुणी फाटकी विजार. कास्मिरा प्रत्येकीच्या घरी जाऊन खांबापासून दारापर्यंतचं अंतर स्वतः वितीनं मोजायची आणि एक हात सोडून पट्टा कापायची. पैसे घेतले नाहीत. पासिनानं तिला बक्कलं गोळा करून दिली. कचऱ्याच्या ढिगातून वेचून, धुऊन, पदरात बांधून आणायची. तिच्या घरी आता पट्टा लागणारं कुणी नव्हतं, पण दर वेळी पोराच्या अंगात बंडी चढवायला ती हजर असायची. पट्टा दोनदा ओढून बघायची, मगच निघायची.

म्हातारा दासुकी माझ्या दुकानात कॉफी प्यायला बसायचा. म्हाताऱ्या माणसांना, आजोबा असो की आजी, आम्ही म्बाह म्हणतो. त्याला हे बघवेना.

"कास्मिरा, बोकडं बांधतात गं. पोरं नाही."

"बोकड पाण्यात पडला तर पोहतो, म्बाह."

"हसू नकोस. वर्षातून एकदा आपण समुद्राला नैवेद्य देतो की नाही? बोकडाचं मुंडकं तराफ्याला बांधूनच सोडतो ना? का बांधतो? त्याला कळावं म्हणून, की हे त्याचं. आता घराघरात जिवंत बांधून ठेवताय. त्याला कसं कळायचं कुठलं त्याचं न् कुठलं तुमचं?"

दुकानातल्या सगळ्यांचे घास हातात राहिले. कास्मिरा म्हणाली, "म्बाह, कॉफी गार होतेय तुमची."

पण घरात शिरताना तिनं सेनोचा पट्टा उगाच हातात घेऊन पाहिला. मी दुकानातून बघत होते.

एक गोष्ट तिला खरोखर टोचत होती, ती रुम्यातीच्या घरची. रुम्याती समुद्राच्या बांधावरच्या शेडमध्ये खेकडे सोलायला जायची. नवरा बोटीवर. तिचा बागास दिवसभर आजीजवळ, म्हणजे म्बाह सुरिपजवळ. घर गावाच्या टोकाला, एका खोलीचं, दार खांबाच्या जवळ. त्यामुळं बागासचा पट्टा सगळ्यांत आखूड. आणि म्हातारीची बोटं संधिवातानं मुडपून कोंबडीच्या पायासारखी झालेली. बक्कलाच्या दोन्ही बाजू एकदम दाबल्याशिवाय चाप सुटत नाही; खारट हवेनं ते आणखी घट्ट झालेलं.

"तिला जमत नाही उघडायला," कास्मिरा रुम्यातीला म्हणाली. "मी दुसरं काही लावते."

"तिनं उघडायचंच कशाला? मी येतेच की तीनला. सैल लावशील न् पोर सोडवून घेईल. तू नको बाई डोकं चालवूस."

कास्मिरानं विषय सोडून दिला. सणासाठी शिवायचे कपडेही ढिगानं पडले होते.

मग पश्चिमेचा वारा सुरू झाला. पौर्णिमा जवळ आली की पाणी चढतं, हे आमच्या हाडात मुरलेलं आहे. फळ्यांवर पाणी आलं की आम्ही पाय वर घेऊन जेवतो. पण त्या वेळी काहीतरी वेगळं होतं. खेकडे चुलीमागं येऊन बसायला लागले. बांधाच्या आतल्या बाजूनं पाणी पाझरताना मुलांनी पाहिलं. आम्ही मुखियाला सांगितलं. तो म्हणाला, माती टाकू.

पौर्णिमेच्या दिवशी बांधापलीकडच्या वाडीत लग्न होतं. आमच्याकडं लग्नघरी स्वयंपाकाला सगळ्या बायकांनी जायचं असतं, न गेलेलीची आठवण वर्षभर काढतात. चुलाणावर मोठाल्या कढया, उकळतं तेल. तिथं रांगती पोरं नेणार कोण? जिच्या घरी म्हातारं माणूस होतं तिनं पोर त्याच्याजवळ ठेवलं, बक्कल लावलं, पट्टा ओढून बघितला आणि होडीत बसली. कास्मिरानं सेनोला तिच्याच घरी बांधून माझ्या नवऱ्याकडं सोपवलं. भरती दुपारी चारनंतरची. तोवर आम्ही परत येणार होतो.

अकराच्या सुमारास पायाला गार लागलं. मी कांदा चिरत होते. खाली बघितलं तर चुलाणाभोवती पाणी.

"आली गं पाहुणी," कुणीतरी म्हणालं. "हिला आमंत्रण कुणी दिलं?"

बायका हसल्या. लुंग्या वर खोचल्या, भाताची पातेली बाकांवर ठेवली. रुम्याती तेंपे, सोयाबीनच्या वड्या, तळत होती, तिनं शेगडी उचलून टेबलावर घेतली. पाणी घोट्यावर आलं तरी चेष्टा चालूच. मग एक चूल चर्र करून विझली. पाठोपाठ दुसरी. रिकामा गॅसचा सिलिंडर आडवा होऊन तरंगत आमच्या मधून गेला, आणि हसणं थांबलं.

बाहेरून एक माणूस ओरडत आला. बांध फुटला होता. आमच्या बाजूला.

कास्मिरा नवरीमागचा पडदा लावत होती. ती स्टुलावरून उतरली नाही, नुसती उभी राहिली. 

"पट्टे," ती म्हणाली.

आधी कुणाला कळलंच नाही. मग एकदम सगळ्यांना कळलं. बायकांच्या तोंडून जो आवाज निघाला तसा मी पुन्हा ऐकू नये. बायका पाण्यातून घाटाकडं धावल्या. घाटावर इंजिनाच्या दोनच होड्या. एकीत सातआठ जणी चढल्या आणि ती तिथंच कलंडायला लागली. पासिनानं दुसरी सोडली. तिनं मला ओढून घेतलं, कास्मिराला घेतलं. रुम्याती मागून पोहत येऊन कडेला लटकली, तिलाही आत घेतलं. माझ्या हातात कांदा चिरायची सुरी तशीच होती.

 इंजिन पोरांच्या आयांच्या मानानं फार हळू चालतं. वस्तीवर आलो तेव्हा घरं बुटकी दिसत होती, पाणी खिडक्यांच्या खाली पोचलेलं.

आमची दोन घरं आधी. माझा नवरा कास्मिराच्या दारात उभा, कमरेपर्यंत पाण्यात, खांद्यावर सेनो. सेनोच्या अंगात बंडी होती, पट्टा नव्हता. माझ्या नवऱ्याच्या हातात अजून जोर होता, त्यानं चाप सोडवला होता. कास्मिरानं सेनोकडं एकदा बघितलं आणि ओरडली, "पुढं चल! टोकाला चल!"

मधल्या घरांत थांबायला लागलंच. एका घरी आजोबांनी पोराला टेबलावर उभं केलं होतं, पट्टा ताणलेला, चाप निघत नव्हता. पासिनानं उडी मारून चाप दाबला आणि दातांनी ओढला. दुसऱ्या घरात आजीनं नातीची बंडीच पोटावरून फाडली होती. तिसऱ्या घरातून कुणी ओ देईना. आम्ही आत शिरलो तर म्हातारा पोराला घेऊन छपराच्या वाशावर बसला होता. कास्मिरा त्याला काही विचारत नव्हती, फक्त पोराच्या पाठीकडं बघायची आणि पुन्हा होडीत यायची.

रुम्यातीच्या घराची समुद्राकडची भिंत गेली होती. दार आतून पाण्यानं दाबलं गेलं होतं, म्हणून आम्ही पडलेल्या भिंतीकडून गेलो. आतून म्हातारीचा आवाज येत होता, अल्लाचं नाव घेत, एका सुरात, जणू पोराला झोपवतेय.

म्बाह सुरिप खांबाला पाठ टेकून उभी होती. पाणी तिच्या गळ्याशी. बागासला तिनं दोन्ही मनगटांवर उचलून धरलं होतं. बोटं वळत नव्हती, म्हणून मनगटांवर. पट्टा जेवढा पुरत होता तेवढंच पोर वर येत होतं. लाट आली की पाणी त्याच्या हनुवटीला लागायचं. तो रडत नव्हता. ओठ निळे.

"मी दाबलं गं ते," म्हातारी म्हणाली. "खूप दाबलं."

रुम्यातीनं पोराला धरून वर ओढलं, तेव्हा तो किंचाळला. पट्टा काखेत रुतत होता. मी बक्कल दाबलं. वाळू अडकून ते दगड झालं होतं. कास्मिरानं माझ्या हातातली सुरी घेतली आणि पाण्याखाली गेली. खांबाजवळ कापावं असं तिला वाटलं असणार. वर आली, श्वास घेतला. "कापत नाही," म्हणाली आणि पुन्हा गेली. जीनची दुहेरी घडी, त्यावर मासेमारीच्या दोऱ्याच्या पाचपाच टिपा. कांद्याची सुरी. तिसऱ्यांदा वर आली तेव्हा नाकातून रक्त येत होतं. मग तिनं बंडीच धरली, पोराच्या खांद्यावरचा पट्टा, जिथं अस्तर होतं तिथं सुरी आतून घातली आणि बाहेर ओढली. सुरी तिच्या तळहातात गेली. पण शिवण उसवली. एक खांदा, मग दुसरा. बागास बंडीतून खाली सरकून रुम्यातीच्या अंगावर आला. बंडी खांबापाशी पाण्यात हलत राहिली.

"घेतलात ना?" म्बाह सुरिपनं विचारलं. "आता मी बसते जरा." आणि ती पाण्याखाली गेली. पासिनानं तिला केसांना धरून वर काढलं.

त्या दिवशी आमच्या वस्तीतलं एकही पोर गेलं नाही. लोक म्हणतात, देवाची कृपा. म्बाह सुरिपच्या छातीत मात्र गारठा बसला तो निघाला नाही. ती शाळेच्या माळ्यावर, आम्ही सगळे आसऱ्याला होतो तिथंच गेली. तिला पुरायला कोरडी जागा बघत होडी दूरवर न्यावी लागली.

पुरून आल्यावर रुम्याती कास्मिरासमोर आली. तिच्या हातात ती फाटकी बंडी होती. तिनं ती कास्मिराच्या तोंडावर मारली. एकदा, दोनदा. ओलं जीन जड असतं. कास्मिरानं हात वर केले नाहीत.

"मी तुला सांगितलं होतं ना गं," कास्मिरा शेवटी म्हणाली, अगदी हळू. "तिला जमत नाही म्हणून."

"सांगितलं होतंस, तर ऐकलंस कशाला माझं?"

पाणी ओसरल्यावर कास्मिरा घरोघर फिरली. तळहाताला चिंधी बांधलेली. तिला सगळे पट्टे परत हवे होते. एकीनंही दिला नाही.

"तू नेशील, न् उद्या माझं पोर दारातून पडलं तर?" एक म्हणाली. "बांध रोज फुटतो का? दार रोज उघडं असतं."

आणि मग रुम्यातीच आली. बागासला कडेवर घेऊन, बगलेत जीनचा तुकडा. कास्मिराच्या दारात उभी राहून म्हणाली, "नवा करून दे. या वेळी लांब. वाशापर्यंत पोचेल एवढा."

"वाशापर्यंत पोचेल तो दाराबाहेरही पोचेल, रुम्याती."

"मग काय करू? तूच सांग. कामाला नको जाऊ?"

 कास्मिरानं तुकडा घेतला. मग दोन दिवस मशीनपाशी बसून तिनं नवीन जोड काढला. पट्टा मधे तोडून एका टोकाला फास, दुसऱ्याला बांबूची काडी. काडी सरळ करून ओढली की पट्टा सुटणार. मुडपलेल्या बोटांनाही जमेल, दातांनाही. तिनं म्हाताऱ्यांना एकेक करून ओढायला लावलं. सगळ्यांना जमलं. मला वाटलं, सुटला बाई हिचा जीव.

चौथ्या का पाचव्या दिवशी मी भांडी विसळत होते. सहज तिच्या दाराकडं नजर गेली. सेनो उंबऱ्यावर बसला होता, पाय बाहेर पाण्यावर सोडून. हातात ती बांबूची काडी. काडी पाण्यात बुडवून तो चाळा केल्यासारखी हलवत होता. आत मशीन चालू होतं. मी हाक मारली नाही. हाक मारली असती तर तो वळला असता. मी हातातलं भांडं पाण्यात सोडलं, फळीवरून गेले आणि त्याला मागून उचललं.

कास्मिरानं मशीनवरून मान वर केली. माझ्याकडं बघितलं, सेनोच्या हाताकडं बघितलं. तिनं मशीनचं चाक हातानं थांबवलं.

त्या संध्याकाळी पासिना आली. ती फारसं बोलत नसे, त्या दिवशी दारातूनच बोलली. "माझ्याकडं आणून सोडा. सगळी. मशिदीची फरशी उंच आहे, तिथं मी बसेन. मला दुसरं काय काम आहे?"

"एकटी कशी बघशील?" मी विचारलं.

"डोळे उघडे ठेवून."

तेव्हापासून सकाळी होड्या पोरं घेऊन मशिदीला लागतात. इमामांनी आधी कुरकुर केली, मग मागची खोली दिली. पासिना दारात बसते, पाठ बाहेर, तोंड आत. तिच्यासाठी कास्मिरानं कापलेल्या पडद्यांची जाड चौघडी शिवली. पोरं तिच्यावर लोळतात. एकालाही बांधलेलं नसतं. दासुकीसुद्धा त्याच्या नातवाला आणून सोडतो. घरातले पट्टे मात्र बऱ्याच जणींनी खांबावरून काढलेले नाहीत. असू दे, म्हणतात. मधल्या एका घराचा तर आता अर्धा पट्टा नव्या भरावात गाडला गेलाय.

पुढचा पश्चिमेचा वारा सुरू व्हायच्या आत वारसिदीनं सेमारांगमध्ये एक खोली भाड्यानं घेतली आणि कास्मिरा गेली. मशीन होडीत चढवताना तिनं मला विचारलं, "येतेस, यू? तिथंही भजी खपतील की." मी नाही म्हटलं. माझा नवरा समुद्राशिवाय झोपत नाही. आता पडदे मी हातानंच दुमडते, धावदोरा घालून. सुबक होत नाही.

मागच्या पौर्णिमेला भजी पोचवायला मशिदीवर गेले होते. पोरं झोपली होती. पासिना नेहमीच्या जागी नव्हती. ती खोलीच्या मागच्या कोपऱ्यात गुडघ्यावर बसून चौघडीखाली हात फिरवत होती. मी विचारलं, काय झालं.

तिनं ओला तळवा मला दाखवला.

"खालून येतंय," ती म्हणाली. "यू, तू थांब आज इथं. चार पोरं तू उचल, चार मी उचलते. बाकीच्यांसाठी कुणाला बोलावू, सांग."

मी भज्यांची टोपली खाली ठेवली आणि दारात जाऊन, बांधावर जी कोणी बाई दिसेल तिला हाका मारायला लागले.